जेटीवरचं हसू

हेमांगी कारखानीसनं आयुष्यात एकही चित्रपट धडपणे पाहिलेला नाही, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. तिचं कामच तसं होतं. एखाद्या चित्रपटाचं कच्चं चित्रण तिच्यासमोर आलं की ती आधी आवाज बंद करायची आणि मग एकेक चौकट थांबवून तपासायची. मागच्या भिंतीवर कोणत्या साबणाची जाहिरात आहे, कोपऱ्यातल्या टीव्हीवर कोणता सामना चालू आहे, नायिकेच्या पाठीमागे भजी खाणारा इसम कोण आणि आपण पडद्यावर दिसणार हे त्याला सांगितलंय का. धंद्यात या कामाला हक्कसफाई म्हणत. प्रत्येक चेहऱ्याची, गाण्याची आणि पाटीची परवानगी आधीच घेऊन ठेवायची. नाहीतर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोणीतरी उपटतो आणि कोर्टातून मनाई आणतो. हेमांगीच्या हाताखालून गेलेल्या एकाही चित्रपटावर आजवर ही पाळी आली नव्हती. आवाज बंद का, तर आवाज असला की माणूस गोष्टीत गुंततो आणि साबण निसटतो. या नियमाचा तिला फार अभिमान होता. त्याच नियमानं तिचा घात केला.

या खेपेला तिच्यासमोर होता तो खुद्द नवऱ्याचा चित्रपट, आणि तो कॅमेऱ्यानं काढलेलाच नव्हता. तो जयवंतच्या डोक्यातून काढला होता.

स्मृतिपट नावाचा हा प्रकार कोल्हापुरात येऊन फार दिवस झाले नव्हते. यंत्र दिसायला साधं, हेल्मेटपेक्षा हलकी एक टोपी. आपण काही पाहतो किंवा आठवतो तेव्हा मेंदूतल्या पेशींमधून अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह धावतात आणि त्यांच्याभोवती तितकंच सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र तयार होतं. टोपीतले संवेदक ते टिपतात. सुरुवातीला काही आठवडे माणसाला हजारो चित्रं दाखवायची. झाड दिसलं की याच्या मेंदूत काय होतं, आईचा चेहरा दिसला की काय होतं, हे यंत्र शिकत जातं. एकदा ते शिकलं की उलटा प्रवास सुरू. माणसानं डोळे मिटून आठवायचं आणि मेंदूतल्या हालचालीवरून यंत्रानं चित्र आणि आवाज तयार करायचा. ना नट, ना सेट, ना जेवणाचे डबे.

यंत्रामागोमाग कायदा आलाच. स्मृतिप्रतिमा कायद्याचं मुख्य कलम कोणालाही पटेल इतकं सरळ होतं. आठवण आठवणाऱ्याची, पण आठवणीतल्या जिवंत माणसाचा चेहरा, आवाज आणि लकब ज्याची त्याची. संमती हवी असेल तर त्या माणसाला तो प्रसंग आवाजासकट समक्ष दाखवायचा, दिग्दर्शकानं तिथं हजर राहायचं नाही, आणि माणसानं कॅमेऱ्यासमोर आपल्या तोंडानं ‘हो’ म्हणायचं. शिवाय ‘हो’ म्हटलेला माणूस पहिल्या जाहीर खेळापर्यंत केव्हाही ‘नाही’ म्हणू शकतो. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी आपल्या बालपणावर स्मृतिपट केला, तर सख्ख्या काकांनीच संमती नाकारली. त्या अख्ख्या चित्रपटात काकांच्या जागी एक लाकडी कपाट उभं आहे आणि सगळे त्याला वाकून नमस्कार करतात.

जयवंतचे मागचे दोन्ही चित्रपट सपशेल पडले होते. पन्नाशी उलटलेल्या दिग्दर्शकाला तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही; याला विचारलं ते केवळ या आठवणींमुळे. चित्रपट दाखवणाऱ्या कंपनीची अट एकच होती, सगळ्या संमती हातात आल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत. हेमांगीनं कामाचा आराखडा केला आणि एकेक माणूस गाठत सुटली. शाळेतले मास्तर झाले, मेसच्या काकू झाल्या, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातले जयवंतचे खोलीसोबती झाले. शेवटी एकच चेहरा उरला, आणि चित्रपटाचा जीव नेमका त्याच चेहऱ्यात होता.

रत्नागिरीतली मांडवीची जेटी. संध्याकाळ. बावीस वर्षांचा जयवंत शैला नावाच्या मुलीला लग्नाचं विचारतो. ती ‘नाही’ म्हणते आणि हसते. एवढाच प्रसंग.

हेमांगीनं तो नेहमीच्या पद्धतीनं तपासला. सोडावाल्याच्या गाडीवरची पाटी, लांब उभा असलेला गणवेशातला पोलीस, धक्क्याला लागलेल्या मचव्यावरचा क्रमांक. ते सगळं इतकं स्वच्छ होतं की मचव्याच्या रंगाचे पोपडेसुद्धा मोजता आले असते. आणि ती मुलगी! वाऱ्यानं उडालेली बट, पिवळ्या ओढणीच्या टोकाला सुटलेला धागा, मान मागे टाकलेली. चौकटीमागून चौकट हेमांगी पुढे सरकवत होती आणि पुन्हा मागे घेत होती. बाकीच्या आठवणी अशा नव्हत्या. मेसच्या काकूंना तर अर्ध्या प्रसंगांत नाकच नव्हतं.

“हे एवढं ठसठशीत कसं काय?” तिनं यंत्र चालवणाऱ्या फैयाज मुल्लाला विचारलं. फैयाज मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. प्राध्यापकी सोडून या स्टुडिओत आला होता आणि त्याला समजावून सांगायची भारी हौस.

“सरांनी ही आठवण लई वेळा काढलीय, वहिनी. जी आठवण माणूस वरचेवर काढतो, तिच्या पेशींची आपसातली जोडणी घट्ट होत जाते. मग यंत्रालाही ती पटकन सापडते. जी कधी काढलीच नाही ती धुरकट राहते. पण त्यात एक गंमत हाय बघा—”

गंमत ऐकायला हेमांगी थांबली नाही. तिला हवं होतं ते, म्हणजे नको होतं ते, कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिनं थालीपीठ वाढता वाढता विषय काढला. “जय, तो जेटीचा प्रसंग काढून टाकला तर?”

“वेड लागलंय का तुला?” जयवंतनं घास तसाच ठेवला. “ती हसली तिथंच सिनेमा आहे, हेमा. ती तशी हसली नसती तर मी आज कुठल्यातरी तळ्यावर कोळंबीला खाद्य टाकत बसलो असतो. त्या हसण्यानं मला कळलं की नकारसुद्धा सुंदर असू शकतो.”

“सुंदर.”

“हो. म्हणजे, बाई म्हणून नव्हे. क्षण म्हणून.”

“आणि मी कुठे आहे या सिनेमात?”

“तू?” जयवंतला खरंच प्रश्न कळला नाही. “तू निर्मितीत आहेस की.”

हेमांगीनं दुसरं थालीपीठ त्याच्या ताटात जरा जोरातच टाकलं. तिला राग आला होता, आणि रागाखाली त्याहून जुनी गोष्ट होती, मत्सर. संसाराची पंचवीस वर्षं तिनं या माणसाचे डबे भरले, दोन चित्रपटांचं अपयश निस्तरलं, त्याच्या आईची शेवटची दुखणी काढली. आणि हा मनातल्या मनात रोज मांडवीला फिरायला जात होता. तिकडे गेलेला असताना तो शेजारी बसून भाजीत मीठ कमी आहे असंही सांगत होता, हे तिला जास्त झोंबलं.

मग तिनं जे ठरवलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. शैलाबाईंकडे ती जाणार होती, पण ‘हो’ आणायला नाही. ‘नाही’ आणायला. त्यासाठी खोटं बोलायची गरज नव्हती. एरवी संमती मागताना जे कलम ती हळूच, गोड आवाजात, चहाच्या घोटाबरोबर सांगायची, ते या वेळी खणखणीत सांगायचं. तुमचा चेहरा जगभर फिरेल, लोक वाट्टेल ते बोलतील, घरच्यांना त्रास होईल. भली भली माणसं एवढ्यावरच दार लावून घेतात. जेटीवर मग कपाट उभं राहो.

रत्नागिरीला निघालेली गाडी चालकाशिवाय आपली आपण आंबा घाटापर्यंत गेली आणि तिथं बाजूला थांबून चाकावर माणसाची मागणी करू लागली. धुकं आणि वळणं एकत्र आली की या गाड्या अजून कच खातात. हेमांगीनं स्वतः चाक हातात घेतलं आणि सबंध घाटभर मनातल्या मनात शैलाबाईंचं रूप रंगवलं. उंच, शेलाटी, केसात रुपेरी छटा, आवाज हळुवार, घरात सतार असणार. एवढी तयारी करूनच ती रत्नागिरीत पोचली.

शैला शिवलकरांच्या घराबाहेर पाटी होती, ‘शिवलकर घाटवाहन शिक्षण केंद्र’. गाड्या आपोआप धावायला लागल्यापासून घाटात चालवू शकणारी माणसं दुर्मीळ झाली होती, आणि बाईंचा धंदा त्यामुळेच तेजीत होता. त्या बाहेर आल्या त्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारतच. बुटक्या, रुंद, केस पुरुषी कापलेले, कपाळावर वंगणाचा डाग. हेमांगीला एकदम बरं वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली.

“ये गो, ये. कोल्हापुरातून स्वतः चालवत आलीस? ब्रेक फार दाबलेस घाटात, वास येतोय. बस, सोलकढी देत्ये.”

“मी जयवंत कारखानीसची बायको,” हेमांगी म्हणाली. “फोनवर सांगितलं होतं मी.”

“सांगितलंस तर! मासेवाला जयवंत. टक्कल पडलं की नाय अजून?”

“पडलं.”

“पडणारच होतं. मी तेव्हाच सांगितलेलं त्याला.” बाई खूश झाल्या.

सोलकढी उत्तम होती, बाई मोकळ्या होत्या आणि पाच मिनिटांतच हेमांगीला त्या आवडायला लागल्या. त्यानं तिचा जळफळाट कमी होण्याऐवजी वाढला. नावं ठेवता येण्यासारखी असती तर काम सोपं झालं असतं. तिनं बॅगेतून पडदा काढला, संमतीचा कॅमेरा तिपाईवर लावला आणि ठरवल्याप्रमाणे सगळी कलमं खणखणीत वाचायला घेतली.

“तुमचा चेहरा जगात कुठेही दिसेल, शैलाताई. अनोळखी लोक त्यावर काहीही लिहितील. तुमच्या माहेरची, सासरची माणसं विचारतील—”

“सासर नायच मला. आणि जगात दिसला तर बराच की. खाली केंद्राचा नंबर टाकता येईल काय?”

“लोक तुमच्याबद्दल काय वाटेल ते समजतील.”

“मेले समजूदेत. अर्धी रत्नागिरी माझ्या शिव्या खाऊन गाडी शिकलीय, त्यांना नवीन काय समजायचं राहिलंय?” बाईंनी खुर्ची पुढे ओढली. “लाव ते. बघूया कसा दिसायचा तो.”

हेमांगीचा बेत सुरू होण्याआधीच बारगळला. तिनं नाइलाजानं बटण दाबलं. कायद्याप्रमाणे आवाज चालू ठेवावा लागला, आणि तिनं मान वळवून भिंतीवरच्या गिअरच्या आकृत्यांकडे बघायला सुरुवात केली. प्रसंगातली प्रत्येक चौकट तिला पाठ होती. सलग, आवाजासकट तो ती पहिल्यांदाच ऐकत होती.

समुद्राचा आवाज आला. सोडावाल्याच्या रेडिओवरचं गाणं आलं. तरुण जयवंतचा अडखळत विचारलेला प्रश्न आला. मग ते हसू. आधी नुसता श्वास आत ओढल्यासारखा, मग उचकी लागल्यासारखे दोन झटके, आणि मग एकदम मोकळं.

हेमांगीला वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलंय. कुठे ते मात्र लक्षात येईना.

“परत दाखव,” शैलाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. तिनं परत दाखवलं. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

“चेहरा माझा हाय. ओढणी पण माझीच, शिरगावच्या बाजारातली. पण ही हसणारी मी नव्हं. मी अशी नाजूक हसत नाय गो. मी हसल्ये तर गाडीचा हॉर्न कमी पडतो. बाबा म्हणायचे, शैला हसली की गोठ्यातली म्हस दावं तोडते.”

हेमांगी सावध होती, दुःखी होती, घरापासून कितीतरी लांब होती. पण त्या म्हशीनं तिला गाठलंच. तिचा श्वास आत ओढला गेला, उचकीचे दोन झटके आले, मनगटाची मागची बाजू तोंडाशी गेली आणि ती मान मागे टाकून हसली.

शैलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोट उचललं, ते हेमांगीकडे रोखलं आणि सावकाश पडद्याकडे नेलं. पडद्यावर थांबलेल्या मुलीचं मनगट तोंडाशी होतं. मान मागे टाकलेली होती.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “ही तू आहेस.”

हेमांगीचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं स्वतः बटण दाबलं आणि प्रसंग पुन्हा चालवला. आपलं हसू माणसाला सहसा ऐकायला मिळत नाही, मिळालं तरी ओळखू येत नाही. पण मनगट तिचं होतं यात शंका नव्हती. थांबवलेल्या चौकटींत तिनं ते शंभर वेळा पाहिलं होतं आणि मनगटावरचं घड्याळ कोणत्या कंपनीचं एवढंच तपासलं होतं.

“आणि त्या दिवशी मी हसलेच नव्हत्ये,” शैलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. “बाबा अंथरुणाला खिळलेले, धाकट्या दोघी शाळेत. ‘नाय’ म्हटलं आणि धाय मोकलून रडल्ये. त्यानं रुमाल दिलान, तो पण मळका. एवढं सगळं विसरला मेला.”

मग बाई कॅमेऱ्याकडे वळल्या आणि ठासून म्हणाल्या, “चेहरा माझा, त्याला माझी हरकत नाय. हसणं माझं नाय. त्याचं ‘हो’ मी कसं म्हणू? ज्याचं त्याला विचारा.”

कुठलीही शहाणी बाई परतीच्या वाटेवर खूश झाली असती. नवरा ज्या हसण्यावर जन्मभर भाळला ते हसू आपलंच निघालं, याहून काय पाहिजे? पण मत्सराला शहाणपण नसतं. घाट चढताना हेमांगीच्या मनात एकच वाक्य फिरत होतं. आठवायचं तिला आणि वापरायचं मला. तिचं स्वतःचं हसू या माणसानं तिच्या नकळत उचललं, नेऊन दुसऱ्या बाईच्या तोंडात बसवलं, आणि मग त्या दुसरीसाठी झुरत राहिला. चोरीचा माल चोरानं देवघरात मांडावा तसंच झालं की हे!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत जयवंत दारातच उभा होता. “काय म्हणाली? हो म्हणाली ना?”

हेमांगीनं सगळं सांगितलं. म्हशीचा भागसुद्धा वगळला नाही. जयवंत आधी हसला, मग त्यानं प्रसंग तीनदा लावून पाहिला, आणि तिसऱ्या वेळी तो खुर्चीत बसला.

“रडली होती?” तो म्हणाला. “मला तर ती हसलेलीच आठवते. अगदी आत्ता झाल्यासारखी.” त्याचा चेहरा पाहून क्षणभर हेमांगीला त्याची दया आली. ज्या संध्याकाळवर त्यानं स्वतःला उभं केलं होतं ती तशी घडलीच नव्हती. पण तो काही फार वेळ पडेल राहणारा माणूस नव्हता. “म्हणजे चेहऱ्याची संमती आली. आणि हसण्याची तुझी. मग सुटलोच की! तुझी काय, घरचीच.”

फैयाजनं मान खाली घालून तारा आवरायला घेतल्या.

“घरचीच,” हेमांगी म्हणाली. “जय, आजवर जेवढे खटले मी पाहिले ना, ते सगळे घरच्यांच्यातच झालेत. परक्या माणसाला आपण विचारतो. घरच्याला धरून चालतो.”

“तू नाही म्हणणार आहेस?”

“अजून ठरवलं नाही. आधी मला माझी आठवण बघायचीय. ही जिथून उचललीस ना, ती. ताडपत्रीची.”

“कुठली ताडपत्री?”

हे विचारायला नको होतं, हे विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“गगनबावडा,” ती म्हणाली. “तुझं पहिलं शूटिंग. पाऊस थांबत नव्हता, जेवणावर ताडपत्री बांधलेली. तिच्यात पाणी साचून साचून पोट आलं होतं. निर्माता बरोबर खाली उभा राहून आपल्याला वेळेचं महत्त्व सांगत होता, हातात पिठल्याची ताटली. आणि दोरी सुटली. मी हसत हसत चिखलातच बसले. हिरवीगार ताडपत्री त्याच्या अंगावर आणि तो आतून ओरडतोय. त्याच संध्याकाळी तू मला विचारलंस.”

“हां!” जयवंतचा चेहरा उजळला. “हां, हां. आठवलं की. किती वर्षांनी!”

“घाल टोपी.”

त्यानं टोपी घातली, डोळे मिटले. फैयाजनं यंत्र सुरू केलं. पडद्यावर करडं धुकं आलं आणि धुकंच राहिलं. त्यात मधे एक निळा, ओघळणारा आकार. खाली जमिनीशी कोणीतरी बसलेलं. बाई असावी. चेहरा नव्हता, केस कुठे संपतात आणि पाऊस कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं. पावसाच्या आवाजामागून फार लांबून, अगदी बारीक, उचकीचे दोन झटके ऐकू आले.

हेमांगी पडद्याच्या जवळ गेली. मेसच्या काकूंना निदान कान तरी होते.

“वहिनी, त्या दिवशी माझी गंमत अर्धीच राहिली,” फैयाज हळूच म्हणाला. “मेंदू आठवण आहे तशी काढून परत ठेवत नाही. दर वेळी ती नव्यानं रचतो आणि रचलेलीच परत साठवतो. रचताना कुठं खिंडार पडलं असेल तर हाताशी जे चांगलं सापडेल ते भरतो. त्यामुळं आठवण जितक्या वेळा काढाल तितकी ठसठशीत होते, आणि तितकीच भेसळ. जेटीवर मूळचं फार थोडं शिल्लक हाय. ही ताडपत्रीची मात्र सरांनी हाताळलेलीच नाही. धुरकट हाय, पण अस्सल हाय.”

“अस्सल कसली? ताडपत्री हिरवी होती.”

फैयाज घुटमळला. “इथं निळी दिसतीय. आणि सरांनी ती तेव्हापासून काढलीच नसेल, तर निळीच असणार, वहिनी.”

ती हिरवी ताडपत्री हेमांगीनं किती वेळा काढली असेल! सासूच्या आजारपणात काढली, चित्रपट पडले तेव्हा काढली, जयवंत घुमा होऊन बसायचा त्या सगळ्या संध्याकाळी भाकरी थापताना काढली. काढून काढून तिनं तिचा रंग बदलून टाकला होता. आणि याच्याकडे ती खरी, निळी, जशीच्या तशी पडून होती, कारण याला तिची कधी गरजच लागली नाही. फैयाजला वाटत होतं की तो तिची समजूत घालतोय. तिला अस्सल राहायचं नव्हतं. त्या जेटीवरच्या मुलीसारखं तिला सारखं सारखं काढलं जायला हवं होतं, भेसळ होईपर्यंत, रंग बदलेपर्यंत, आपलं काही मूळचं उरणार नाही इतकं. त्या मुलीचा हेवा तिला आत्ता या घडीलासुद्धा वाटत होता, त्या मुलीचं हसू आपलंच आहे हे माहीत असूनही.

“जय, बाहेर जा,” ती म्हणाली.

“अगं, पण—”

“संमतीच्या वेळी दिग्दर्शक हजर राहत नाही. बाहेर जा.”

जयवंतनं टोपी काढून ठेवली आणि तो गेला. काचेच्या दारापलीकडे तो पाठमोरा उभा राहिला, टकलावर हात ठेवून. फैयाजनं नियमाप्रमाणे तिला जेटीचा प्रसंग आवाजासकट दाखवला. तिनं तो कुठेही न थांबवता पाहिला. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून नाव सांगितलं, म्हणायचं ते म्हणाली आणि जयवंतला आत बोलावलं.

“काय म्हणालीस?”

“हो म्हटलं. पण पहिल्या खेळापर्यंत केव्हाही मागे घेता येतं, ते कलम आहे लक्षात?”

“म्हणजे तोवर मी टांगलेला.”

“टांगलेलाच. तोवर रोज मला आठवायचं. टोपी नको, यंत्र नको. माझ्यासमोर बसून, तोंडानं. ज्या दिवशी चुकवशील त्या दिवशी मी फैयाजला फोन करीन.”

जयवंतनं तिच्याकडे नीट पाहिलं. ती गंमत करत नव्हती. “पण रोज आठवलं तर ते बिघडेल ना?” तो म्हणाला. “आत्ताच तर फैयाज म्हणाला. हे एकच अस्सल राहिलंय आपल्याकडे.”

“बिघडू दे. बिघडल्याशिवाय मला कसं कळणार तू आठवतोयस ते?”

तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. पडद्यावर निळा आकार अजून तसाच थांबलेला होता.

“गगनबावडा,” त्यानं सुरुवात केली. “पाऊस. निर्माता, त्याच्या हातात पिठलं. वर मोठी ताडपत्री.”

“रंग?”

जयवंतनं पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं हात लांब करून पडदा बंद केला.

“हिरवी,” तो म्हणाला.